गव्हर्नरच्या निवडणुकीत ‘कल’ की ‘कौल’?

प्रश्न
मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. इथल्या मंडळाच्या अंकासाठी गव्हर्नरच्या निवडणुकीवर लिहिताना ‘सुरुवातीच्या जनमत कौलात अमुक पुढे’ असं लिहिलं. मडगावच्या जाऊबाईंनी वाचलं आणि लगेच फोन केला, ‘‘अगो, जनमत कौल एकदाच झाला, १९६७ला!’’ मग ओपिनियन पोलला म्हणायचं तरी काय? आणि गव्हर्नरला राज्यपाल लिहू का?

उत्तर १
राज्यपाल अजिबात नको. आपल्याकडे त्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात. ‘राज्यपालपदासाठी चुरस’ वाचून इथल्या माणसाला वाटेल, दिल्लीत कुणाची तरी वर्णी लागायची आहे. अधिकार पाहिले तर तुमचा गव्हर्नर आमच्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. सरळ गव्हर्नरच लिहा.

उत्तर २
जाऊबाईंचं खरं आहे. १६ जानेवारी १९६७ला गोव्यात झालं ते रीतसर मतदान होतं. महाराष्ट्रात विलीन व्हावं म्हणणारी मतं १,३८,१७० आणि संघप्रदेशच (केंद्रशासितच) राहावं म्हणणारी १,७२,१९१. इंग्रजीत त्यालाही ओपिनियन पोलच म्हणतात, घोळ तिथून सुरू होतो.

पण गोवा बाजूला ठेवला तरी कौल इथे बसत नाही. शब्द अरबीतून आलेला, अर्थ वचन. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सरकार कौल द्यायचं, तो लिहून दिला की कौलनामा. कोकणात देवाला कौल लावतात. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून पाकळ्यांकडे बघत बसतात. उजवी पडली की होकार. (डावी पडल्यावर ‘परत एकदा लावा’ म्हणणारेही असतात. उमेदवारांच्या प्रचार कार्यालयांतही असतात. गैरसोयीची चाचणी आली की आपली वेगळी करून घेतात.) दोन्हींकडे कौल म्हणजे दिलेला शब्द, लागलेला निकाल.

कल म्हणजे नुसतं झुकणं. पारडं कलतं, ऊन कलतं. कललेलं अजून पडलेलं नसतं. तुमच्याच राज्यातलं घ्या. २०२१च्या गव्हर्नर निवडणुकीआधी मॉनमथ विद्यापीठाच्या चाचणीत उमेदवार फिल मर्फी ऑगस्टमध्ये १६ टक्के-अंकांनी पुढे होते, शेवटच्या चाचणीत ११ अंकांनी. जिंकले जेमतेम ३ अंकांनी. चाचण्यांचे प्रमुख पॅट्रिक मरे यांनी लेख लिहून चूक जाहीर कबूल केली. २०२५ला उलटं झालं. बहुतेक चाचण्यांत मिकी शेरिल यांची आघाडी एक आकडी होती, त्या १० हून जास्त अंकांनी निवडून आल्या. याला कौल म्हटलं, तर नोव्हेंबरात मतदार देतात त्याला काय म्हणणार?

म्हणून चाचणीला ‘मतदानपूर्व चाचणी’, तिच्यात दिसतो तो कल आणि मतपेटीतून येतो तो कौल. आघाडी शब्दही जपून वापरा. महाराष्ट्रातला वाचक आधी ‘कुणाकुणाची?’ असं विचारतो.

उत्तर ३
सुरुवातीच्या चाचणीला मी तर ‘चाचपणी’ म्हणेन. तेव्हा लोक मत कमी सांगतात, ऐकलेलं नाव जास्त सांगतात. १९९८ला मिनेसोटात जेसी व्हेंचुरा हा माजी कुस्तीगीर आधीच्या चाचण्यांत तिसरा होता. सुमारे ३७ टक्के मतं घेऊन तोच गव्हर्नर झाला.

उत्तर २
चाचपणी उमेदवार करतो, उभं राहावं की नाही याची. ‘अमुक यांच्याकडून चाचपणी सुरू’ असे मथळे रोज येतात. तो शब्द तिथेच राहू द्या.

मूळ प्रश्नकर्ती
आभार. आता वाक्य असं केलंय : ‘सुरुवातीच्या चाचण्यांचा कल अमुक यांच्याकडे, काठावरचे बरेच.’ जाऊबाईंनी पास केलं. फक्त विचारलं, शेरिलबाईंना तुम्ही गव्हर्नरीण का नाही म्हणत?