रुग्ण ‘हो’ म्हणतात आणि दुपारी खाट रिकामी!

नवी_पाळी : मंडळी, ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या एका रुग्णालयात नर्स म्हणून नुकतीच लागलेय. किडनीचे बरेच रुग्ण दूरच्या वस्त्यांवरचे अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथले मूळ रहिवासी. डायलिसिसचं समजावलं की मान डोलावतात, सही करतात आणि न सांगता निघून जातात. सहकारी म्हणतात, ‘त्यांचं असंच असतं.’ मला हे पटत नाही.

लालमाती : ताई, पटू देऊ नकोस. मी अ‍ॅलिस स्प्रिंग्जला बरीच वर्षं काढलीत. गणवेशातल्या माणसाला ‘हो’ म्हणून मोकळं होणं, ही इथे पिढ्यान्‌पिढ्या जीव वाचवायची रीत होती. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०८ पासून गुप्तरोगाच्या संशयावरून अ‍ॅबोरिजिनल लोकांना गळ्यात साखळ्या घालून बर्नियर आणि डोर बेटांवरच्या ‘इस्पितळात’ नेत. कित्येक परतलेच नाहीत. १९७० पर्यंत सरकार त्यांची मुलं उचलून नेत होतं, काही तर प्रसूतीच्या खाटेवरूनच. तुझ्या वॉर्डातल्या आजीबाई तेव्हा लहान असतील, त्यांना हे कोणी वाचून दाखवायला नको.

म्हणून ‘कळलं का?’ विचारूच नकोस. ‘घरी गेल्यावर हे लेकीला कसं सांगाल?’ असं विचार. खुर्ची शेजारी घे, समोर नको. डोळ्यांत डोळे घालून बघू नकोस. मग गप्प बस. आपल्याला शांतता सोसवत नाही, लगेच दुसरा प्रश्न टाकतो आणि येणारं उत्तर तिथेच अडतं. इंग्रजी बरं वाटलं तरी दुभाष्या बोलाव. टेरिटरीत ती सेवा २००० पासून आहे. आणि बाईमाणसाच्या खाजगी तक्रारी पुरुष डॉक्टरपुढे काढू नकोस.

रात्रपाळी : सगळं खरं, पण रात्री दोनला दुभाष्या कुठून आणायचा? शिवाय गोड बोलून अंतर कमी होत नाही. किंटोर ही वस्ती अ‍ॅलिसपासून पाचशेहून जास्त किलोमीटर. डायलिसिससाठी घरदार, नातवंडं, आपली भूमी सोडून शहरात मरायला यायचं, मग माणूस पळणारच. तिथल्या चित्रकारांनी २००० साली चित्रांचा लिलाव करून दहा लाखांहून जास्त डॉलर उभे केले, त्यातूनच वस्त्यांवर डायलिसिस देणारं पर्पल हाउस निघालं. आता वस्तीतच मशीन आहे.

नवी_पाळी : एक आजोबा पाहुण्यासारखे खिडकीकडे तोंड करून बसतात. उद्या त्यांना आधी गावाचं विचारते. पर्पल हाउसकडे पाठवायला कागदपत्रं कोण करतं, रुग्ण आणि रुग्णालय यांच्यातला दुवा असलेले लिएझन ऑफिसर का?

लालमाती : हो, लिएझन ऑफिसरपासूनच सुरुवात कर. आणि वस्तीत कोणाचा मृत्यू झालाय का, तेही त्यांनाच विचार. गेलेल्याचं नाव मात्र तोंडातून काढू नकोस.