विषय: रे: रे: बटण-स्टार्ट गाडी घ्यावी की किल्लीचीच बरी?

नमस्कार मंडळी,
आमची जुनी गाडी यंदाचा हिवाळा काढेल असं वाटत नाही, म्हणून हायब्रिड (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी) बघतोय, पण मनासारख्या सगळ्या बटण-स्टार्टच आहेत. मार्चमध्ये आई-बाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी येतायत आणि बाबांना किल्ली फिरवून काढल्याशिवाय गाडी बंद झाली असं वाटतच नाही. त्यात चोरीच्या बातम्या ऐकून बायको घाबरलीये. ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनी अनुभव सांगा प्लीज.
(मिसिसागा)

---

चोरीची भीती खरी आहे. एक जण घराच्या दाराशी अँटेना धरून उभा राहतो, दुसरा गाडीपाशी, घरातल्या फॉबचा (म्हणजे बटण-स्टार्ट गाडीच्या वायरलेस किल्लीचा) सिग्नल इकडून तिकडे पोचवतात आणि गाडीला वाटतं मालक शेजारीच उभा आहे, ना काच फुटत ना आवाज होत. 2024 च्या फेब्रुवारीत ओटावाला कॅनडा सरकारने यावर खास परिषद घेतली होती, तेव्हा देशात वर्षाला अंदाजे 90,000 गाड्या चोरीला जातात असं सांगितलं होतं. फॉब फॅराडे पाऊचमध्ये (सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत) ठेवा, आणि पाऊच हातात घेऊन गाडीचं दार उघडतंय का ते अधूनमधून बघत जा, आतलं अस्तर झिजलं की त्याचा उपयोग संपला.
पण किल्लीची गाडी म्हणजे सुरक्षित असंही नाही हं. अमेरिकेत पोरांनी यूएसबी केबल वापरून ज्या ह्युंदाई-किआ पळवल्या त्या किल्लीवाल्याच होत्या, त्यांच्यात इमोबिलायझर (गाडीच्या खऱ्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) नव्हता. आपल्याकडे कॅनडात नवीन गाड्यांना तो 2007 पासून सक्तीचा आहे.
(ब्रॅम्प्टन)

---

मला तर बटणच आवडतं, जानेवारीत उणे वीसमध्ये हातमोजे न काढता गाडी उघडते, सुरू होते, अजून काय पाहिजे. फक्त एकदा यांना गो ट्रेनच्या स्टेशनला सोडलं, फॉब यांच्या खिशात राहिला, गाडी चालूच असल्यामुळे मी तशीच ऑफिसला पोचले, पार्किंगमध्ये बंद केली आणि संध्याकाळी सुरूच होईना! तेव्हापासून दोघांचे फॉब वेगळे. आणि फॉबची बॅटरी मेली तर घाबरू नका, आत छोटी किल्ली लपवलेली असते, तिने दार उघडायचं, आणि बहुतेक गाड्या फॉब बटणाला टेकवला की सुरू होतात.
(ओकव्हिल)

---

सगळे चोरीवर बोलतायत, मला तुझ्या आई-बाबांची जास्त काळजी वाटते म्हणून जरा लांबलचक लिहितोय.
दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात रात्री उशिरा सामान घेऊन घरी आलो. गाडी हायब्रिड, गराजमध्ये घेतली तेव्हा बॅटरीवर होती, काही आवाजच नाही, मला वाटलं बंद केली, फॉब खिशात टाकला, गराजचं दार खाली केलं आणि वर गेलो. नंतर बॅटरी उतरल्यावर इंजिन आपोआप सुरू झालं. जिन्याजवळचा सीओ (कार्बन मोनॉक्साईड, गाडीच्या धुरातला विषारी वायू) अलार्म वाजला म्हणून कळलं, सगळ्यांना अंथरुणातून उठवून बर्फात बाहेर काढलं आणि 911 लावला. नात तेव्हा आठ महिन्यांची होती. अजून अंगावर काटा येतो.
कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग, झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. फॉब लांब गेला की गाडी बीप करते, पण इंजिन बंद करत नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय, कारण हायवेवर फॉबची बॅटरी गेली तर इंजिन मध्येच बंद पडायला नको. अमेरिकेत अशा चालू राहिलेल्या गाड्यांमुळे माणसं गेलीयेत, त्यात वयस्कर बरीच. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना तो बीप कसा ऐकू जाणार? टोयोटाने तिकडे 2020 च्या मॉडेलपासून ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय द्यायला सुरुवात केली, काही कंपन्यांनी त्याआधीच दिली होती. तू डीलरला हेच पहिलं विचार, सनरूफ नंतर.
आणि घराला लागून गराज असेल तर ऑन्टारियोत 2014 पासून झोपायच्या खोल्यांजवळ सीओ अलार्म सक्तीचा आहे. तुझ्याकडे असेलच, पण त्याच्या मागची तारीख बघ, तेही एक्स्पायर होतात. बंद गराजमध्ये रिमोट स्टार्ट कधीच नाही. दार उघडं असलं तरी नाही, धूर घरात शिरतोच.
(मार्कहम)

---

काका, आत्ताच खाली जाऊन बघितलं. एक्स्पायरीची तारीख 2021 ची आहे. आजच नवीन आणतो, दोन आणतो, एक आई-बाबांच्या खोलीबाहेर.
(मिसिसागा)