कमिटी मेंबरला ट्रेनिंग कुठे मिळतं? एन्क्वायरीत बसायचंय

चाकणचा_फिटर
मंडळी, मागच्या महिन्यात युनियनच्या कमिटीवर निवडून आलो. बारा वर्षं मशीनवर काढली पण कायद्याचं एक पान वाचलेलं नाही, आणि आता आमच्या लाइनवरच्या एका पोराला कंपनीने चार्जशीट (आरोपपत्र) देऊन सस्पेंड केलंय, आता एन्क्वायरी, म्हणजे कंपनीतली चौकशी, होणार आणि तो म्हणतो दादा माझ्या बाजूने तुम्हीच बसा. माझ्या अडाणीपणाने त्याची नोकरी जायला नको. आपल्यासारख्यांना हे शिकवतं कोण?

जुना_मेंबर_पिंपरी
श्रमिक शिक्षण मंडळ. १९५८ पासून आहे, मुख्यालय नागपूरला, आता कामगार नेते दत्तोपंत ठेंगडींचं नाव दिलंय. पुण्यातही ऑफिस आहे. मी स्वतः तिथे श्रमिक शिक्षक झालो, म्हणजे कारखान्यातल्याच कामगाराला ते आधी शिकवतात आणि मग त्याने परत येऊन आपल्या शॉपमधल्या लोकांचे वर्ग घ्यायचे. युनियनच्या लेटरहेडवर अर्ज द्या. आणि वर्गाचे दिवस ऑन ड्युटी धरायचे हे पुढच्या करारात लिहूनच घ्या, नाहीतर दरवेळी सुट्टीसाठी एचआरच्या दारात उभं राहावं लागतं.

परळची_ताई
मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे श्रम विज्ञान संस्था आहे, सरकारी. पदवी झाली असेल तर तिथल्या कोर्सची चौकशी करा.

गेटमीटिंग
ताई, कोर्स होईल तेव्हा होईल, एन्क्वायरी आधी आहे. दादा, चार्जशीट आणि स्टँडिंग ऑर्डर (कंपनीचे नोकरीचे लेखी नियम) शेजारी ठेवून वाचा, कुठल्या कलमाखाली आरोप लावलाय, तारीख वेळ जुळते का. कंपनी ज्या कागदांवर बोट ठेवणार त्यांच्या कॉपी लेखी मागा. कामकाज मराठीत घ्या हेही पहिल्याच तारखेला लेखी द्या, आणि वाचल्याशिवाय पोराला कशावरही सही करू देऊ नका. उलटतपासणीत प्रश्न कमी विचारा, उत्तर माहीत नसेल तो प्रश्न तर नकोच. पहिल्या वेळी शेजारच्या कंपनीतल्या जुन्या मेंबरकडून तयारी करून घ्या, मी तसंच शिकलो. आणि त्याला निर्वाह भत्ता, म्हणजे सस्पेंड असताना मिळायचे पैसे, मिळतोय का? पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के, पुढे उशीर त्याच्यामुळे झालेला नसेल तर ७५.

चाकणचा_फिटर
भत्त्याचं विचारलंच नव्हतं हो. आत्ता फोन केला, दोन महिने झाले एक रुपया आलेला नाही. उद्या फर्स्ट शिफ्ट संपली की लेखी देतो. रात्री मसुदा टाकला तर बघाल का?

गेटमीटिंग
टाका, जागाच आहे. फक्त पोराचं नाव आणि टोकन नंबर खोडून टाका.