आरए फॅक्टर पॅकेजमधून हद्दपार करा

उंबरठा:
आईचं वय ६४. सोसायटीत तपासणी शिबिर लागलं. 'फुल बॉडी' पॅकेज घेतलं की सांध्यांचं पॅनेल फुकट. रिपोर्टात आरए फॅक्टर (आमवाताची रक्ततपासणी) २८, मर्यादा २०, आकडा ठळक छापलेला. शेजारच्या काकूंनी जिन्यातच निदान केलं: आमवात, आता बोटं वाकडी होणार. दही बंद, चिंच बंद, वांगं बंद. तीन आठवडे आई रात्री उठून दिव्याखाली स्वतःची बोटं बघत बसायची.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि बोटांचा एकेक सांधा दाबून पाहिला. "सकाळी बोटं किती वेळ आखडतात?" पाच-दहा मिनिटं. "भाकरी थापता येते?" रोज सहा थापते. गुडघा वाकवला तेव्हा कुरकुर मलाही ऐकू आली. गुडघ्यांची झीज, बाकी काही नाही.

आता हिशेब करा. डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूने १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर पाहणी केली, त्यात आमवात प्रौढांमध्ये साधारण ०.५ टक्के निघाला. म्हणजे हजारात पाच. त्यातले चार ही टेस्ट पकडेल. पण निरोगी माणसांतही सुमारे ५ टक्क्यांची पॉझिटिव्ह येते, उतारवयात त्याहून जास्त. म्हणजे आणखी पन्नास. चौपन्न जण घाबरणार, खरे आजारी चार! सरसकट पॅकेजमध्ये ही टेस्ट घालणं बंद व्हायला हवं.

परीक्षानळी:
अठरा वर्षं लॅबमध्ये आहे, म्हणून राग आला तरी लिहितो. २८ हा आकडा बरोबरच होता ना? मग टेस्टचं काय चुकलं? प्रश्न न विचारता उत्तर विकत घेतलं, ही घेणाऱ्याची चूक.

कच्चेपणा कुठे असतो ते आम्हाला विचारा. ईएसआरची (रक्तपेशी किती वेगाने खाली बसतात त्यावरून शरीरातली सूज जोखणारी टेस्ट) नळी तासभर सरळ उभी राहायला हवी. स्टँड जरा कलला की आकडा फुगतो. रक्त कमी असलेल्या बाईचा ईएसआर सांधे ठणठणीत असूनही चढतो. हे रिपोर्टवर कोणी लिहीत नाही, आणि लिहिलं तरी वाचणार कोण? सगळ्यांची नजर ठळक अक्षरांवर.

तालुका_डॉक्टर:
उंबरठा, तुमचं गणित बरोबर, पण ते निरोगी माणसांच्या रांगेचं आहे. माझ्या दवाखान्यातली रांग वेगळी. संधिवाततज्ज्ञ १४० किलोमीटरवर. समोर पस्तिशीची ऊसतोड करणारी बाई, दोन्ही मनगटं सुजलेली, कोयता धरवत नाही. तिने आधीच कुठल्यातरी पुड्या खाऊन तोंड गोल करून घेतलंय (पुडीत काय असतं ते चेहराच सांगतो, स्टिरॉइड). अशा हजार जणींत आमवात पाच नाही, कितीतरी जास्त निघतो. तिथे तीच टेस्ट सोनं आहे. सोबत अँटी-सीसीपी (आमवाताचीच दुसरी रक्ततपासणी) भरपूर पॉझिटिव्ह आली की मी घरच्यांना ठणकावून सांगू शकतो: एसटीत बसवा, आजच. चिठ्ठीला कोणी विचारत नाही, कागदावरच्या आकड्याला घाबरतात. सुरुवातीचे महिने हातचे गेले की हाड कुरतडलं जातं आणि ते परत येत नाही. शहरात बसून 'हद्दपार करा' म्हणणं सोपं आहे.

उंबरठा:
डॉक्टर, तुमच्या रांगेबद्दल वाद नाही. पण पॅकेज त्या बाईला विकलं जात नाही हो. ते माझ्या आईला विकलं जातं.

वाकडीबोटं:
नावावरून समजलं असेल. माझा आरए फॅक्टर निगेटिव्ह, अँटी-सीसीपीही निगेटिव्ह. दोन वर्षं "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका" ऐकलं. सकाळी दीड तास मला नळ सोडता यायचा नाही, मुलीच्या वेण्या नवरा घालायचा. आमवाताच्या दर चार-पाच रुग्णांत एखादी माझ्यासारखी असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आमवात ठरवायचे तज्ज्ञांचे २०१० सालचे निकष मी नंतर वाचून काढले. अमेरिका आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांनी मिळून केलेत. दहा गुणांपैकी सहा लागतात. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी (तीही सूज दाखवणारी) असं सगळं रक्त मिळून जास्तीत जास्त चार! उरलेले सांधे किती आणि आजार किती आठवडे, यावर. आणि एक तरी सांधा डॉक्टरने स्वतः सुजलेला पाहिल्याशिवाय गुण मोजायलाच बसायचं नाही. उंबरठाच्या आईला कागदाने घाबरवलं, मला कागदाने झोपवलं.

मटणप्रेमी:
युरिक ॲसिडबद्दल कोणीच बोलेना. माझं ७.८, दुखत काही नाही. ओळखीचा केमिस्ट म्हणतो गोळी सुरू करा.

तालुका_डॉक्टर:
नुसत्या आकड्यावर करू नका. त्या गोळीने काहींना अंगभर जिवावरचं पुरळ येतं. उलटही होतं. गाऊट (युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणारा आजार) असतो, पायाचा अंगठा लालबुंद, पांघरुणाचा स्पर्श सहन होत नाही, आणि ऐन हल्ल्यात युरिक ॲसिड नॉर्मल. खात्री करायची तर सांध्यातलं पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे खडे बघायचे. मटणाचं तुमचं तुम्ही बघा.

हाडाचा_इंजिनिअर:
धागा एकतर्फी चाललाय, म्हणून मार्करची (रक्तात मोजता येणाऱ्या खुणांची) बाजू घेतो. आईचा मणका नुसत्या शिंकेने दबला. हाडं ठिसूळ, आठवड्याला एक ॲलेंड्रोनेट. डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) मशीनवर फरक दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात, तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? डॉक्टरांनी सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी सीटीएक्स केली. हाड झिजताना कोलॅजनचे जे तुकडे रक्तात येतात ते ती मोजते. गोळी लागू पडली तर आकडा चांगला खाली यायला हवा. आमचा जागचा हलला नाही.

डॉक्टरांनी गोळी बदलली नाही, विचारलं, "कशाबरोबर घेता?" आई म्हणाली, चहाबरोबर, लगेच कॅल्शियमची गोळी, मग पुन्हा आडवी. सगळी गोळी वाया! उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, नंतर निदान अर्धा तास आडवं न होता घ्यायची. पुढच्या वेळी आकडा निम्म्याच्या खाली. ही टेस्ट नसती तर वर्षभर चहाच पीत बसलो असतो.

परीक्षानळी:
व्वा. फक्त सीटीएक्स सकाळी उपाशीपोटीच द्या, खाल्लं की आकडा पडतो. आणि हाड मोडल्यावर काही महिने ती तशीही चढलेली असते. तुमच्या आईचा मणका ताजा होता का?

हाडाचा_इंजिनिअर:
होता. पहिला आकडा त्यामुळेही चढलेला असेल, हे डॉक्टर म्हणाले होते, लिहायचं राहिलं. पण चहा सुटल्यावर पडला, एवढं खरं.

उंबरठा:
हे पटलं. इथे आजार आधीच माहीत होता, औषध चालू होतं, आणि 'लागू पडतंय का' हा एकच प्रश्न रक्ताला विचारला. माझं भांडण प्रश्नाशिवायच्या टेस्टशी आहे. शीर्षक तेवढं बदलत नाही.

तालुका_डॉक्टर:
ठीक. निरोगी माणसाच्या पॅकेजमधून आरए फॅक्टर काढा, सही करतो. पण आधी एएसओ काढा. घसा मागे कधी बिघडून गेला एवढंच ती सांगते, आणि तेवढ्यावर ऱ्हुमॅटिक फीवर (घशाच्या जंतूनंतर सांधे आणि हृदय धरणारा ताप) ठरवून पोरांना वर्षानुवर्षं दर २१ दिवसांनी पेनिसिलिन टोचलेलं मी पाहिलंय. हृदय, सांधे, ताप, कशाचा पत्ता नाही.

परीक्षानळी:
एएसओ काढायचं मालकांना मीच सुचवलं होतं. म्हणाले, पॅनेलवर 'चार तपासण्या' छापून झालंय, आता तीन कशा करू?