मदत हवी आहे: डोमिनियन (पानं विकत घेत आपला डेक वाढवायचा पत्त्यांचा खेळ) – थ्रोन रूमवर थ्रोन रूम लावल्यावर मिलिशिया चालते का?

आठवी_गल्ली (राजारामपुरी)
भावांनो, लवकर सांगा, आज रात्री परत बसायचंय. दोन थ्रोन रूम (हातातलं एक ॲक्शन पान दोनदा खेळवणारं पान) लावल्या, स्मिदी (तीन पानं ओढायची) झाली, मग मिलिशिया (दोन नाणी आणि बाकीच्यांवर हल्ला) उतरलो. चुलतभाऊ म्हणतो चालत नाही, ॲक्शन संपली. मी म्हणतो चालते. डाव तसाच मांडून ठेवलाय, कुणी हात लावलेला नाही. कोण बरोबर? आणि ही थ्रोन रूम घ्यायची तरी कधी? माझ्या हातात नुसती पडून राहते.

घाटावरचा
विलेज (जादा ॲक्शन देणारं पान) होतं का? नसेल तर पाळीत ॲक्शन एकच. ती पहिल्या थ्रोन रूमला गेली. विषय संपला, चुलतभाऊ बरोबर.

निपाणीकर
घाटावरचा, एवढी घाई नको. @आठवी_गल्ली, मिलिशिया आधीपासून हातात होती की स्मिदीनं आली? दोन्ही थ्रोन रूम एकमेकींवर लावल्या की वेगवेगळ्या? किती जण होता? पेटी जुनी की २०१६ ची दुसरी आवृत्ती? एवढं तरी लिहा की.

आठवी_गल्ली
तिघं. विलेज विकत घ्यायला मांडलेलंच नाही. पेटी दुसऱ्याच्या घरी आहे, बघून सांगतो. मिलिशिया स्मिदीनं आली. त्यानं काय फरक पडतो?

निपाणीकर
सगळा फरक त्यानंच पडतो. हातातली पाचही पानं आणि नंतर आलेली पानं सांगा.

कागलचा_काका
आमच्या घरी सुट्टीला मेंढीकोट चालायचा. चार माणसं, एक कॅट, नियमाचं पुस्तक लागत नाही. पोरांनी एकदा तो खेळून बघावा, असले वाद होत नाहीत.

आठवी_गल्ली
काका, मेंढीकोट आम्हीपण खेळतो. आत्ता हे सांगा.
हातात: थ्रोन रूम, थ्रोन रूम, स्मिदी, कॉपर (एक नाणं), इस्टेट (नुसते गुण).
स्मिदी दोनदा, सहा पानं आली: मिलिशिया, सिल्वर, कॉपर, कॉपर, इस्टेट, आणखी एक स्मिदी.
मिलिशिया धरली तर प्रोव्हिन्स (मोठ्या गुणांचं पान) येते, नाही धरली तर डची (त्याहून कमी गुणांचं). म्हणून भांडण.

निपाणीकर
आता कळलं. तुमची मिलिशिया चालते, आणि एकदा नाही, दोनदा चालते.

क्रमानं बघा. पहिली थ्रोन रूम उतरली, तिथं तुमची एकुलती एक ॲक्शन खर्ची पडली. तिनं दुसरी थ्रोन रूम निवडली. आता ही दुसरी दोनदा खेळायची. पहिल्या वेळी तिनं स्मिदी निवडली, स्मिदी दोनदा झाली, सहा पानं हातात आली. हे पूर्ण झाल्यावरच दुसऱ्या थ्रोन रूमची दुसरी वेळ सुरू होते, आणि त्या वेळी हातात जे असेल त्यातून ॲक्शन निवडायची. मिलिशिया आली होती, निवडली, दोनदा झाली. थ्रोन रूम जे पान खेळवते त्याला वेगळी ॲक्शन लागत नाही, त्यामुळं 'ॲक्शन संपली' हा मुद्दाच लागू नाही.

हिशेब: कॉपर तीन, सिल्वरचे दोन, झाले पाच. मिलिशिया दोनदा म्हणजे चार. एकूण नऊ. प्रोव्हिन्स आठची. घ्या.

घाटावरचा
मग दोन थ्रोन रूमनं एकच पान चार वेळा खेळता येईल की.

निपाणीकर
नाही येत. स्मिदी एकदा निवडली की ती हातातून टेबलावर गेली. दुसऱ्या वेळी हातातलं दुसरं पान लागतं. ते नसेल तर ती वेळ वाया. म्हणून दोन थ्रोन रूम असल्या की पानं ओढणारी ॲक्शन आधी घ्यायची.

मोरेवाडी_माळ
म्हणजे मिलिशिया दोनदा झाल्यावर बाकीच्या दोघांच्या हातात एकेकच पान राहिलं. हे लय जालीम झालं.

निपाणीकर
तसं नाही. मिलिशिया 'दोन पानं टाका' म्हणत नाही, 'तीन उरेपर्यंत टाका' म्हणते. दुसऱ्या वेळी त्यांच्याकडं तीनच असतात, काही होत नाही. फायदा फक्त जादा दोन नाण्यांचा.

सदाशिव_३०
मूळ चूक खरेदीत आहे. विलेज नसलेल्या मांडणीत दोन थ्रोन रूम घेणं मला पटत नाही. एक-दोन स्मिदी, बाकी सगळे पैसे सिल्वर आणि गोल्डला. आठ झाले की प्रोव्हिन्स. तिघांत प्रोव्हिन्स बाराच असतात, तुमचं यंत्र जुळेपर्यंत निम्मे उडालेले असतात.

मोरेवाडी_माळ
पुण्यात सगळे असंच खेळतात काय? मग पत्त्यांपेक्षा बँकेत एफडी करावी. चॅपल मांडलं असेल तर आधी ते घ्या. दोनला मिळतं, एका वेळी चार पानं कायमची बाहेर. इस्टेट गेल्या, कॉपर गेले, की थ्रोन रूमसोबत दुसरी ॲक्शन येणारच.

सदाशिव_३०
चॅपल मांडलंय असं त्यांनी कुठं लिहिलंय?

पन्हाळा_रोड
मोट (बचावाचं पान) हातात असेल तर मिलिशिया लागू होत नाही, फक्त दाखवायची. थ्रोन रूमनं मिलिशिया दोनदा आली तर दोन्ही वेळा दाखवा.

निपाणीकर
तिघांतही काही ना काही खरं आहे. थ्रोन रूम पडून का राहते त्याचं उत्तर आकड्यात आहे. समजा पहिल्या दोन पाळ्यांत चार नाण्यांत थ्रोन रूम आणि तीनमध्ये वर्कशॉप (दुसरं एक ॲक्शन पान) घेतलं. डेक झाला बारा पानांचा. पुढच्या दोन पाळ्यांत ती दोन्ही एकाच हातात यायची शक्यता शंभरात साधारण तीस. उरलेल्या वेळी थ्रोन रूम म्हणजे नुसता अडथळा. म्हणून ती सुरुवातीला नको. डेकमध्ये तीन-चार चांगल्या ॲक्शन झाल्या, कचरा कमी झाला, की मग घ्या. आणि कमी कामाच्या ॲक्शनसाठी ती कधीच घेऊ नका, दुप्पट करण्याजोगं काहीतरी हवं. विलेज नाही, चॅपलही नाही, अशी मांडणी असेल तर सदाशिव म्हणतात तसंच खेळा.

कागलचा_काका
सावंतवाडीची गंजिफा बघितलीय का कुणी? गोल पानं, हातानं रंगवलेली. दशावतारी कॅट १२० पानांचा, दहा अवतार, प्रत्येकाची बारा. पत्ते म्हणजे ते. आंबोली घाटातून जाताना थांबून राजवाड्यात बघून या.

पन्हाळा_रोड
काका, छान. पण आठवी_गल्ली, पत्त्यांना कव्हर घातलंय का? आपल्याकडं जुलैत हवा अशी असते की पानं दोन आठवड्यांत वाकतात, आणि वाकलेली थ्रोन रूम पाठीमागूनसुद्धा ओळखू येते. ५९ बाय ९२ मिमीचं कव्हर बसतं.

आठवी_गल्ली
कव्हर नाही, मागवतो. पेटी बघितली, दुसरी आवृत्ती. चुलतभावाला निपाणीकरांचं उत्तर वाचून दाखवलं. तो म्हणतो जुन्या आवृत्तीत असं नव्हतं.

निपाणीकर
या बाबतीत दोन्हीत सारखंच आहे. फरक एवढाच की जुन्या पानावर ॲक्शन निवडावीच लागायची, नव्यावर 'खेळू शकता' असं आहे. आज खेळताना थ्रोन रूम, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली स्मिदी असं टेबलावर उतरत्या क्रमानं मांडा. कुठल्या पानाची कितवी वेळ चाललीय ते सगळ्यांना दिसेल, पुढं भांडण नाही.

आठवी_गल्ली
बरं. आज चॅपल मांडणार आहोत. पहिल्या दोन पाळ्यांत चार आणि तीन आले तर?

निपाणीकर
चारमध्ये सिल्वर, तीनमध्ये चॅपल.

सदाशिव_३०
सहमत.