फर टूथब्रशसारखी का दिसते?

कोल्हा_रेंडर: ब्लेंडरमध्ये (थ्रीडी सॉफ्टवेअर) कोल्हा बनवलाय, अंगभर हेअर पार्टिकल (केस उगवणारी सोय) टाकलेत पण रेंडर केलं, म्हणजे अंतिम चित्र काढलं, की फर एकदम टूथब्रश वाटते, केसांची संख्या वाढवून बघितली तर नुसता वेळ जास्त लागतो, दिसायला तेच. चुकतंय कुठे?

रात्रपाळी: संख्येचा प्रॉब्लेमच नाहीये हा. सगळे केस एका लांबीचे, एका जाडीचे असणार तुझे. खऱ्या कोल्ह्याला खाली दाट मऊ लोकर असते आणि त्यातून लांब राठ केस वर आलेले असतात, तर दोन वेगळ्या हेअर सिस्टिम कर. आणि क्लम्पिंग लाव रे! केस टोकाकडे झुबक्याझुबक्याने चिकटतात, ते नसलं की बाकी कितीही मेहनत घे, खोटंच दिसणार.

शेडरवाला: शेडर (पृष्ठभागावर प्रकाश कसा दिसेल ते ठरवणारी सेटिंग) कुठलाय? ब्लेंडरचा केसांसाठीचा प्रिन्सिपल्ड हेअर लावून रंग मेलॅनिनवर (केसातलं रंगद्रव्य) ठेव. केसांवर प्रकाश कसा पसरतो याचं मार्शनर वगैरे संशोधकांचं २००३ चं मॉडेल माणसाच्या केसांवर बेतलेलं, पण प्राण्यांच्या केसात मधला गाभा बराच जाड असतो, प्रकाश तिथे विखुरतो म्हणून फर मऊ दिसते. म्हणून शेडरमधला रफनेस (खरखरीतपणा, तो वाढला की चमक पसरते) वाढवून बघ.

कोल्हा_रेंडर: क्लम्पिंगने बराच फरक पडला, थँक्स! तोंड मात्र अजून फुगलेलं दिसतंय.

रात्रपाळी: नाकाजवळ केसांची लांबी वेट पेंटने (कुठे किती ते ब्रशने रंगवून ठरवायचं) एकदम कमी कर, आणि केस नाकाकडून मागे विंचर.