पार्लरच्या स्टाफसाठी ॲप हवं की वही पुरे? मी ॲपच्या बाजूने, बोला

रंगपेटी_ठाणे
धागा भांडणाचा आहे, आधीच सांगून ठेवते. ठाण्यात माझं युनिसेक्स सलून आहे, सहा खुर्च्या, आठ जणांचा स्टाफ, त्यात दोन हेल्पर. मध्ये आमच्या भागातल्या पार्लरवाल्या जमलो होतो तिथे एक सीनियर ताई म्हणाल्या की ॲपबिप सगळी थेरं आहेत, वही असली आणि तोंड असलं की पार्लर चालतं. तिथे गप्प बसले, वयाने मोठ्या आहेत. इथे बोलते.

चारपेक्षा जास्त माणसं एका छताखाली काम करत असतील तर कॅलेंडर सगळ्यांच्या फोनवर पाहिजेच. वही एकाच जागी असते हो. मी बाहेर असते, कस्टमरचा फोन मला येतो, मी शनिवारी चारला ग्लोबल कलर (पूर्ण केसांना रंग) घेऊन टाकते आणि इकडे रिसेप्शनवर तीच वेळ केराटिनला दिलेली असते, आणि केराटिन, म्हणजे केस सरळ-मऊ करायची ट्रीटमेंट, घेतली की तीन-चार तास खुर्ची गेलीच समजा. मग दोघी समोरासमोर सोफ्यावर आणि आपण चहा विचारत फिरायचं. आता गुगल कॅलेंडर आहे, प्रत्येकाला एक रंग दिलाय, कुठूनही टाका, सगळ्यांना दिसतं, आणि फुकट आहे.

आणि कलर कार्ड. आमच्याकडे प्रत्येक कलरवालीची गुगल शीटमध्ये एक ओळ असते: रूटला ५ नंबरची शेड, लेंथला ६.३, रंगात मिसळायचा डेव्हलपर २० व्हॉल्यूम, किती मिनिटं ठेवलं, पांढरे किती, पॅच टेस्ट (ॲलर्जी बघायला आधी थोडासा रंग त्वचेवर लावून बघणं) कधी केली, मेंदी लावते का. मेंदीचा कॉलम मुद्दाम लाल केलाय कारण बाजारातल्या काही काळ्या मेंदीत धातूचे क्षार असतात, त्यावर ब्लीच गेलं की केस तापतात आणि हातात तुटून येतात. कस्टमर तर सांगताना "कधीतरी लावते" एवढंच सांगते. शीट असली की ज्या मुलीने मागच्या वेळी रंग केला ती गावाला गेली असली तरी दुसरी तोच रंग काढून देते. वहीत हे सगळं लिहिणार कोण आणि चार महिन्यांनी शोधणार कोण?

वहीवाली_सातारा
मी लिहिते आणि मीच शोधते. ताई, तुमचं ते ठाणं. आमच्याकडे मी धरून तीन बायका, थ्रेडिंगला आणि वॅक्सला अपॉइंटमेंट घेऊन कोण येतं सांगा बरं, बाजारातून भाजी घेऊन जाताना आत डोकावतात, गर्दी नसली तर पिशवी कोपऱ्यात ठेवून बसतात. लग्नसराईत ब्रायडल असतं तेव्हा तारीख, मुहूर्त किती वाजता, हळदीचा मेकअप वेगळा का, नऊवारी आम्ही नेसवायची का, गाडी कुठे पाठवणार, ॲडव्हान्स किती, सगळं वहीत एका पानावर आणि खाली नवरीच्या आईची सही. सहीला मान असतो. मेसेजवर ठरलेलं नंतर "असं म्हणालेच नव्हते" होतं.

दुसरं म्हणजे हात. वॅक्सने चिकट झालेला नाहीतर कलरने माखलेला हात असतो आपला, तो फोनला लावायचा कसा? ग्लव्ह काढा, हात धुवा, फोन उघडा, आणि फोन उघडला की आधी रील. वहीत रील येत नाही.

कात्री_कंगवा
मी जेंट्सवाला, नाशिक. आमचं सोमवारी बंद आणि रविवारी श्वास घ्यायला वेळ नाही. अपॉइंटमेंटची भानगडच नाही, पण कामाच्या हिशोबाची आहे. माझे कारागीर टक्क्यावर आहेत. आधी प्रत्येक जण पैसे हातात घेऊन गल्ल्यात टाकायचा तेव्हा कळायचं कुणाचं किती झालं, आता सगळं एकाच क्यूआरवर जातं, १५० आले तर ते कुणाच्या कटिंगचे की कुणाच्या दाढी-मसाजचे हे रात्री कोण सांगणार? रोज वाजायचं त्यावरून. आता भिंतीवर पांढरा बोर्ड लावलाय, काम झालं की ज्याने त्याने आपल्या नावाखाली रेघ मारायची आणि शटर ओढायच्या आधी बोर्डाचा फोटो ग्रुपवर. महिनाअखेरीला भांडण आलं की फोटो काढून दाखवतो. दोघं यूपीचे आहेत, त्यांना लिहायचा कंटाळा, ते व्हॉइस नोट टाकतात.

सॉफ्टवेअरवाले येऊन गेले, डेमो झकास होता. पण महिन्याचं भाडं बघून चहा पाजून पाठवलं. रंगपेटीताई, तुम्ही जीएसटीत असाल तर तुम्हाला माहीतच असेल, २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या कामावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला पण इनपुट क्रेडिट गेलं. म्हणजे सॉफ्टवेअरवर नाहीतर कलरच्या मालावर जो टॅक्स भरतो तो आता वळता करता येत नाही, खिशातूनच. आमच्यासारख्या २० लाखांच्या आतल्यांना काही फरक नाही, पण मोठ्या लोकांनी ॲप विकत घेताना तेवढं धरून चालावं.

खुर्ची_नंबर_चार
सगळे मालकच बोलताय म्हणून मी बोलते. पुण्यात एका मोठ्या सलूनला स्टायलिस्ट आहे. कुठलं ते नाही सांगणार.

ग्रुपवर रात्री साडेअकराला मेसेज येतो, उद्या सगळ्यांनी काळा युनिफॉर्म. निळी टिक गेली आणि "ओके मॅम" नाही टाकलं की सकाळी तोंड वाकडं. कुणाला लेट झाला तर घड्याळाचा फोटो ग्रुपवर. रोज रात्री टार्गेटची लिस्ट येते, कुणी किती शाम्पू-सीरम विकले, खालून पहिली असते तिच्या नावापुढे रडका चेहरा. एकदा त्या जागी आमची हेल्पर होती, जिला कस्टमरशी प्रॉडक्टबद्दल बोलायची परवानगीच नाही. फोन माझा, रिचार्ज माझा, आणि स्टोरेज फुल कशाने तर कस्टमरच्या बिफोर-आफ्टरने.

आणि कॅलेंडरचं कौतुक ऐकलं वर. अडीचला माझा ब्लो ड्राय संपतो, तीनला फेशियल आहे. मधला अर्धा तास स्क्रीनवर पांढरा दिसतो, मॅमना घरी बसून पण दिसतो, लगेच त्यात एक थ्रेडिंग आणि अप्परलिप येऊन पडतं. तो पांढरा अर्धा तास माझा डबा असतो. वही होती तेव्हा रिसेप्शनवालीला समोर दिसायचं की ही सकाळपासून उभी आहे, ती कस्टमरला सांगायची दहा मिनिटं बसा.

रंगपेटी_ठाणे
चारनंबर, डबा कॅलेंडरमध्ये टाकायचा ना मग. आमच्याकडे प्रत्येकाचा अर्धा तास करड्या रंगाने आधीच बंद केलेला असतो, त्यात मीसुद्धा काही टाकू शकत नाही असं ठरवलंय. वहीत तर डब्याची ओळच नसते! आणि रात्रीचे मेसेज वाईटच, त्यात वाद नाही, पण तो ॲपचा दोष कसा? ज्या बाईला रात्री बोलायचंय ती फोन करूनही बोललीच असती.

खुर्ची_नंबर_चार
फोन केला असता तर एकीला केला असता आणि एकदा केला असता. टाइप करायला काही लागत नाही म्हणून रोज होतं. तुम्ही चांगल्या आहात म्हणून करडा रंग पाळता, ज्या सलूनमध्ये पाळत नाहीत तिथे तो खोडायला एक बोट पुरतं.

लीड्सची_मावशी
मी इंग्लंडमध्ये सलूनला काम करते. इथे टॅब सलूनचा असतो, स्वतःचे फोन लॉकरमध्ये. रंगाआधी ४८ तास पॅच टेस्ट आणि त्याची नोंद टॅबवर, नोंद नसली तर कितीही जुनी बाई असो, रंग नाही म्हणजे नाही, कारण उद्या तिला ॲलर्जी उठली तर इन्शुरन्सवाले आधी तो रेकॉर्ड मागतात. सुरुवातीला मला हे अति वाटायचं. पण मालकिणीला सुट्टीवर असताना काय वाटतंय याची चिंता मला नाही, जे विचारायचं ते टॅबवर लिहिलेलं आहे. नाही म्हणायला एक त्रास आहे, सिस्टीम १५ मिनिटांचे तुकडे पाडते आणि दाट कुरळ्या केसांना तेवढ्यात काही होत नसतं, मग दिवसभर सगळं पुढे ढकलत जातं.

रंगपेटीताई, एक विचारते. शीट स्टाफच्या स्वतःच्या फोनवर उघडत असेल तर कस्टमरचे नंबरही तिथेच ना?

वहीवाली_सातारा
हां, हेच! मुलगी शिकते आपल्याकडे, वर्षभरात हात बसतो, मग शेजारच्या गल्लीत स्वतःचं टाकते आणि यादी घेऊन जाते. माझी वही रात्री माझ्याबरोबर घरी येते.

खुर्ची_नंबर_चार
यादी न्यायची गरज नसते काकू. जिचा हेअरकट आवडला तिला कस्टमर इन्स्टावर शोधून काढते. आणि हात बसल्यावर पगार वाढवला असता तर ती शेजारच्या गल्लीत कशाला गेली असती.

नुसतीच_कस्टमर
तुमच्यात मी घुसू नये पण एका पार्लरमध्ये माझे आफ्टर फोटो काढले, "फक्त आमच्या ग्रुपला" म्हणून. ग्रुपमधून ते एका मुलीच्या स्टेटसला गेले. ती मुलगी आमच्याच सोसायटीतली. हायलाइट्स केलेत हे मी घरी सांगितलं नव्हतं, केस बांधून वेळ निभावत होते, आणि सासूबाईंनी रात्री जेवताना छान दिसतंय हं मागून पण, असं म्हटलं. हसू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात माहिती घेताना कशासाठी घेताय ते सांगून संमती घ्यायची असं आहे. तुम्ही "नाव नंबर लिहा मॅडम" म्हणता तेव्हा कुणी सांगतं का कशासाठी? वाढदिवसाला ऑफरचा मेसेज येतो तेव्हा कळतं.

पण कलर कार्डला माझं मत. दुसऱ्या एका ठिकाणी रंग करणारी सोडून गेली आणि उरलेल्या तिघी माझ्या डोक्याकडे बघून शेडवर चर्चा करत होत्या, शेवटी ऑरेंज निघालं.

कात्री_कंगवा
सासूबाईंना मानलं.

रंगपेटी_ठाणे
लीड्सच्या मावशी, मुद्दा बरोबर आहे. शीटमधून नंबर काढते, नाव आणि कलर कार्ड एवढंच राहील, फोन नंबर रिसेप्शनच्या फोनवर. एक जुना टॅब पडलाय घरी, तो कलर स्टेशनजवळ भिंतीला लावते, म्हणजे माखलेल्या हाताने कोपराने का होईना पण बघता येईल. फोटोला लेखी विचारून घेऊ. ग्रुप रात्री आठला बंद, ॲडमिन सोडून कुणी लिहायचं नाही असं सेटिंग असतं.

खुर्ची_नंबर_चार
ॲडमिन तुम्हीच ना?

वहीवाली_सातारा
टॅब भिंतीला लावला म्हणजे उठून तिथपर्यंत जावंच लागणार. मग तिथे दोरीला बांधून वही लटकवली तर काय बिघडलं?

रंगपेटी_ठाणे
मी बाहेर असते तेव्हा दोरीची वही मला कशी दिसेल काकू.

वहीवाली_सातारा
लग्नसराईत मालकिणीने बाहेर जाऊच नये मुळी.

खुर्ची_नंबर_चार
ताई, बाकी सगळ्याला उत्तर दिलंत, टार्गेटचं नाही दिलं. तुमच्या ग्रुपवर लिस्ट टाकता का?

रंगपेटी_ठाणे
टाकते. पण नावं नसतात, नुसते आकडे.

खुर्ची_नंबर_चार
आठ जणांत कुणाचा आकडा कुठला हे कळत नाही होय?